ट्रॉली अडकल्यास चार दाबा

व्यक्तिचित्र म्हटलं की तुम्ही हातरुमाल काढूनच बसला असाल. पांढरी मिशी, करारी नजर, आणि शेवटच्या पानावर माणूस जाणार. ठेवा तो रुमाल खिशात. आमचे आण्णा ठणठणीत आहेत. मिशी त्यांना कधी नीट आलीच नाही. आणि नजर करारी आहे का ते सांगता येत नाही, कारण ती कायम आभाळाकडं असते.

खरंच सांगतो. कडेगावजवळच्या आमच्या वाडीत सगळी माणसं खाली बघून चालतात, म्हातारी खड्ड्याकडं आणि पोरं मोबाईलकडं. आण्णा एकटे वर बघून चालतात. तीस वर्षं त्यांनी ट्रॅक्टरनं कारखान्याला उसाची ट्रॉली ओढली. भरलेली ट्रॉली घराच्या माळवदाला लागते, आणि रस्त्यावर आडवी आलेली प्रत्येक तार तिच्या वाटेत असते. विजेची, टेलिफोनची, केबलची. "उभ्या तालुक्यात माज्याएवढ्या तारा कुणी तोडल्या न्हाईत," हे आण्णा मैदान मारल्याच्या थाटात सांगतात. मी दिसलो की लांबूनच हाक यायची, "वर बघून चाल रं नकल्या! खालचं खड्डं कुटं पळून जात न्हाईत."

नकल्या म्हणजे मी, आण्णांच्या शेजारचा. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी अर्ध्या शाळेला सुट्टी दिली होती. तेव्हापासून आईबापानं ठेवलेलं नाव फक्त दाखल्यावर उरलंय.

गेल्या हंगामात आण्णांच्या घरी इंटरनेट घ्यायचं निघालं. त्यांचा मुलगा संदीप फौजेत, सरहद्दीवर. सून, म्हणजे आमच्या पल्लवीवयनी, पुण्याच्या एका ऑफिसात कामाला. स्वरा झाली तशा त्या गावी आल्या होत्या. ऑफिसनं कळवलं, एक महिना घरून काम करून दाखवा; लाईन टिकली तर गावातच राहा, तुटली तर पुण्याला या. म्हणजे तिकडं भाड्याची खोली, सात महिन्यांच्या लेकराला पाळणाघर, आणि इकडं आण्णा एकटे.  स्वराला खांद्यावर टाकून आण्णा एवढंच म्हणाले, "तार मी बगतो."

पहिल्यांदा एका कंपनीचा टाय लावलेला पोरगा आला. रंगीत कागद पुढं करून म्हणाला, "आण्णा, शंभरचं स्पीड!"

"शंभरनं माजा ट्रॅक्टरबी पळायचा, उताराला. तुटल्यावर किती वेळात येता ते सांग."

"आमची तुटतच नाही."

"लेका, तू रांगत व्हतास तवापास्नं तोडतोय मी," आण्णा म्हणाले आणि त्याला चहा पाजला.

दुसरा आमचा बाळू केबलवाला. त्याची तार बघायला आण्णांनी गोठ्यातनं बांबू काढला. भरलेल्या ट्रॉलीच्या उंचीचा, टोकाला लाल चिंधी बांधलेला. सगळ्या गल्लीतनं तो बांबू उभा धरून आण्णा पुढं, मागं मी, माझ्या मागं गावातली बारकी पोरं. वळणावर चिंधी तारेला लागली. बाळूची तार वीतभर खाली होती.

"खांब उंच करतो आण्णा," बाळू म्हणाला. "चार दिवस द्या फक्त."

आण्णांची दुसरी परीक्षा फोनची होती. "विकायचा फोन कोनबी उचलतंय. तक्रारीचा कोन उचलतंय ते बगायचं. आन तेबी दुपारच्याला, जेवून डोळा लागल्यावर." कागदावरचे बारीक आकडे त्यांना दिसेनात, म्हणून मोबाईल माझ्या हातात दिला. बाळूचा नंबर मी बरोबर घातला. कंपनीच्या नावापुढं घातला माझ्या दुसऱ्या सिमचा. का, ते विचारू नका. माकडाला कुणी विचारतं का, फांदी का हलवलीस?

दुपारी मी गोठ्याच्या मागं जाऊन बसलो. आण्णांनी आधी बाळूला लावला. "हां आण्णा, घास गिळू द्या जरा," बाळू म्हणाला. मग माझा फोन थरथरला. मी नाकातनं, पुण्याच्या बाईच्या आवाजात सुरू केलं, "नमस्कार. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे. वीज गेली असल्यास दोन दाबा. उंदराने वायर कुरतडली असल्यास तीन दाबा. उसाची ट्रॉली अडकली असल्यास चार दाबा."

 मग कानात टूं वाजलं. आण्णांनी चार दाबला होता.

"आपला माणूस शिडी घेऊन निघालेला आहे. कृपया चहा ठेवा."

मला वाटलं, आता ओळखतील, चप्पल फेकतील, मग दोघं मिळून हसू. पण आण्णा अंगणात आले ते उजळलेल्या तोंडानं. "पल्लवी! अगं, ह्यास्नी ट्रॉलीची जाण हाय!"

"आण्णा, असं कुठं असतंय का?" वयनी म्हणाल्या.

"मी सोता दाबला की चार!"

दिवस मावळायच्या आत ही गोष्ट पारावर गेली. आता खरं सांगितलं असतं तर आण्णांचं हसं झालं असतं, असं मी स्वतःला समजावलं. हसं माझंच होणार होतं, ते वेगळं. बाळूला नको म्हणून निरोप गेला. कंपनीची तार आली आणि आण्णांनी जन्मात पहिल्यांदा बांबू काढला नाही. "ज्यांना ट्रॉली कळतीया त्यांची तार काय मोजायची?"

अठराव्या दिवशी तुटली. त्याच दिवशी दोन वाजता पुण्याचे साहेब वयनींचं काम बघणार होते. साडेबाराला मी कडेगावात कॉलेजबाहेर वडापाव खात होतो, तर दुसरं सिम वाजलं. उचलतोय न उचलतोय तोवर कानात टूं. चार.

"बाई," आण्णा म्हणाले. "ट्रॉलीनं तार नेली वो. दोनाला पोरीच्या सायबाचा फोन हाय. तिची काय चूक न्हाई, मी तार मोजली न्हाई. माणूस लवकर धाडा, बाई. लेकरू हाय तिचं ल्हान."

बाईचा आवाज काढायला तोंड उघडलं. आला नाही.

"आण्णा," मी म्हणालो, "मी हाय. नकल्या. पयल्यापास्नं मीच हाय."

पलीकडं ट्रॅक्टर धडधडत होता. कुणीतरी ड्रायव्हरला शिव्या घालत होतं. 

"मग," आण्णा शेवटी म्हणाले, "शिडी घेऊन कोन निघालंय?"

"मी," म्हणालो, आणि वडापाव तिथंच टाकून कडेगावातल्या बाळूच्या दुकानाकडं पळालो.

बाळूनं ऐकून घेतलं, मला चार शिव्या हासडल्या आणि पाचवी देता देता गाडीला किक मारली. मी मागं, खांद्यावर शिडी. वाटेत कळलं की वळणावरचा खांब त्यानं कधीच उंच केला होता. "घेतली न्हाई म्हनून काय झालं? आण्णा बोलले ते बराबर व्हतं न्हवं?"

बाळूची तार ओढून झाली तेव्हा दोनाला वीस कमी होती. बाळू डबा जोडायला आत निघाला, तर दारात आण्णा बांबू घेऊन उभे.

"आवं आण्णा, टाईम न्हाई!" वयनी रडकुंडीला आल्या.

"तोडायला टाईम लागत न्हाई पोरी. म्हनून तर मोजायचं."

वळणावर बांबू उभा राहिला. चिंधी तारेच्या खालनं हातभर अंतरानं गेली. दोनाला पाच कमी असताना डब्यावरचा हिरवा दिवा लागला आणि वयनींनी दार लावून घेतलं. बाहेर आण्णांच्या मांडीवर स्वरा, शेजारी बाळू, खाली मी. तासभर तिघांपैकी कुणी खोकलंसुद्धा नाही. दार उघडलं ते वयनी हसतच. साहेब म्हणाले होते, आवाज तर ऑफिसपेक्षा स्वच्छ येतोय.

राहिलेले बारा दिवस तार हलली नाही. वयनी गावातच राहिल्या, आजही आहेत. पण मला बोलणी बसली ती त्याच दुपारी. बाळू चहा पिऊन गेला आणि आण्णांनी मला पायरीवर बसवलं.  बोलणी सुरू व्हायच्या आत मी हळूच बाईचा आवाज काढला, "राग आला असल्यास पाच दाबा."

आण्णा हसले नाहीत. वरही बघितलं नाही त्यांनी, सरळ माझ्याकडं बघितलं.

"आवाज काढलास त्येचा राग न्हाई मला. लय झ्याक काढलास. मी फसलो, ती माजी अक्कल. पन तार जोडून अठरा दिस झालं, आन रोज हितं येऊन च्या पिऊन गेलास तू. तुज्या तोंडात हेडमास्तर हाय, कंडक्टर हाय, सरपंच हाय, पुन्याची बाई हाय. एवढी माणसं घेऊन हिंडतोस, आन त्यातल्या एकालाबी माज्याम्होरं येऊन खरं सांगावं वाटलं न्हाई व्हय रं?"