आईच्या वाट्याला न आलेला ‘कदाचित’

मंगलाचा फोन आला तेव्हा सिहोऱ्याच्या शाळेत नववीचा तास संपवून मी नुकतीच वर्गाबाहेर पडले होते. तुमसरच्या एका लहान चर्चमध्ये आम्ही दोघी एके काळी सुधाकर सरांकडे थिऑलॉजी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकत होतो, एकाच बाकावर बसून. ती म्हणाली, “संध्या, सुधाकर सर गेले. उद्या माती हाये. तू येऊन राहिली ना?” मी येईन म्हटलं. मी रडत असेन असं तिला वाटलं... मी रडत नव्हते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. आता महिना होत आला. सरांवर जे जे छापून आलं ते सगळं गोड आहे. माझ्याजवळ गोड फार थोडं आहे, तेवढं आधी सांगून टाकते.

मी करडीची. आमचं घर बौद्ध, आजोबांनी दीक्षा घेतलेली. आई दर पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून विहारात जायची. कॉलेजात असताना मी ख्रिस्ताकडे वळले, तेव्हा बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं आणि भाऊ म्हणाला, “आजोबानं एवढं सोसून एक रस्ता दाखवला, तुले तो पुरला नाही काय?” आई मात्र वर्गाच्या दिवशी उठून डबा करून द्यायची. “शिकाचं त पुरं शिक,” म्हणायची, “अर्धवट सोडू नको.” चर्चमागच्या खोलीत सर शिकवायचे. किरकोळ अंगाचे, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेले. शास्त्रातला एकेक शब्द देवाचा आहे, म्हणून एकेका शब्दासाठी भांडायचं, हे त्यांनी मला शिकवलं. एका क्रियापदावर तासभर बोलायचे. करडीच्या पोरीला तोवर कुणी इतकं गंभीरपणे घेतलं नव्हतं. मी अधाशासारखी शिकले. गोड म्हणतात ते एवढंच.

बाकी सगळा खडक होता. माणूस मुळातच बिघडलेला. सत्कर्माने कुणी तरत नाही. कृपेने, आणि तीही ख्रिस्तावरच्या विश्वासानेच. त्याबाहेर जो मेला तो नरकात गेला. आमच्या उत्तरांत कुठे ‘कदाचित’ दिसला की लाल पेन्सिलीने खोडायचे. “देव ‘कदाचित’ बोलत नाही,” म्हणायचे. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये मी वर्गात पहिली होते, पण रविवारी उपदेशाला उभा राहायचा तो मागच्या बाकावरचा विल्सन, ज्याला ग्रीक अक्षरंही धड लागत नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, “हा ज्ञानाचा प्रश्न नाही, देवाने लावलेल्या क्रमाचा आहे. पुरुष आधी.” तेही मी गिळलं.

दुसऱ्या वर्षी आई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं, भंडाऱ्याला नेईपर्यंत उशीर झाला होता. तिचे विधी आटोपून मी वर्गात परतले आणि पहिल्याच दिवशी उभी राहून विचारलं, “सर, माझी आई कुठे आहे?”

त्यांनी खडू खाली ठेवला. “तिने प्रभूला स्वीकारलं होतं?”

“नाही.”

“मग उत्तर तुला माहीत आहे.”

“सर, डबा बांधून मला इथे तीच पाठवायची.”

“चांगुलपणाने तारण होत नाही, संध्या. मी तुला खोटं सांगू शकत नाही.”

शेजारी मंगला रडायला लागली. सरांनी खडू उचलला आणि राहिलेला धडा पुरा केला. मी वर्ग सोडला. देव सोडता आला नाही... तो राग वेगळाच.

पुढे बऱ्याच वर्षांनी सरांचा एकुलता एक मुलगा आशिष मोहाडीच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेला. नागपूरला नोकरीला लागल्यावर त्याने चर्च सोडलं होतं. माझा विश्वास नाही, असं त्याने बापाला तोंडावर सांगितलं होतं. सरांच्या बायकोसाठी, बाईंसाठी, मी मातीला गेले. कबरीपाशी सरांनीच प्रार्थना केली. पेटीवर हात ठेवून म्हणाले, “प्रभू, शेवटच्या क्षणी यानं तुला हाक मारली असेल... कदाचित मारली असेल.” लोक डोळे पुसत होते. माझा संताप होत होता.

थोडे दिवस जाऊ दिले आणि त्यांच्या घरी गेले. बाई चहा ठेवायला आत गेल्या. मी सरळ विचारलं, “सर, आशिषले ‘कदाचित’ चालतो, माझ्या आईले काहून नाही?”

ते घरच्या बोलीत म्हणाले, “तो माहा पोरगा होता.”

“ती माही आई होती.”

तो शब्द मला आता मिळेल असं वाटलं. एवढं भोगल्यावर माणूस देतो. मग त्यांनी गळ्याचं बटण चाचपलं आणि पुन्हा वर्गातल्या भाषेत बोलले, “शास्त्र सर्वांना एकच आहे. त्या दिवशी मी कमजोर पडलो. तो शब्द मी उच्चारायला नको होता.”

बाई दारात कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “तुमी कमजोर नव्हते पडले,” त्या हळूच म्हणाल्या. “एक दिवस बाप झाले होते.” कप माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या. मी आईचा वाटा मागायला गेले होते, आणि सरांनी पोराला दिलेलाही परत घेतला. लोक याला निष्ठा म्हणतात. स्वतःच्या पोराच्या कबरीवरही जी वाकत नाही तिला मी निष्ठा म्हणणार नाही. त्यानंतर त्या घरी मी गेले नाही.

सरांच्या मातीला तरुण पाळक म्हणाले, सर आज खात्रीने स्वर्गात आहेत. सगळ्यांनी आमेन म्हटलं. बाईंनी म्हटलं नाही. मी त्यांचा हात धरून उभी होते, एवढंच.

सकाळी शाळेत जाण्याआधी मी अजून एक स्तोत्र मोठ्याने वाचते. सर ओळ संपली की थांबायचे. ऐकणाऱ्याला ती उतरेपर्यंत पुढची घ्यायचे नाहीत. तो थांबा माझ्या जिभेत बसला आहे. भरभर वाचून पाहिलं, मनात वाचून पाहिलं. चारसहा ओळींत त्यांचा आवाज येतोच. समोर भिंतीवर आईचा फोटो असतो. तिला कुठेही जागा नाही म्हणणाऱ्या माणसाच्या आवाजात मी तिला वाचून दाखवते. ओळ संपते. मी थांबते...