दुसऱ्याच कर्नलचे हेडर

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — खरंच माहीत नाही.

पवईच्या आमच्या ऑफिसात दुधाच्या टाक्यांचं तापमान दाखवणारी यंत्रं बनायची. त्यांचे प्रोग्रॅम ज्या एका कॉम्प्युटरवर तयार व्हायचे, तो परब मॅडमच्या ताब्यात. गोरेगावहून आरेमधून येणाऱ्या बसने यायच्या, आल्या की आधी त्याच्याकडे बघायच्या, मग चहा. पासवर्ड दोघांकडेच — त्यांच्याकडे आणि माझ्याकडे. काम मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांचा एक नियम होता. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा. तो प्रोग्रॅमना काय देतो, कुठल्या मापात देतो, हे ज्या फायलींमध्ये लिहिलेलं असतं ते हेडर. सगळे प्रोग्रॅम जिच्या आधाराने चालतात ती सी लायब्ररी ज्या हेडरवर बांधली, तेच त्या कॉम्प्युटरवर राहणार. कर्नल खुशाल नवा येऊ दे, हेडरना हात लावायचा नाही. का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "अरे, एकमेकांचं तोंडही न बघितलेल्या हजारो माणसांनी दोन बाजूंनी लिहिलंय हे, आणि तरी जुळतं ना? आपण मध्ये कडमडायचं कशाला?" मी थक्क झालो होतो. अजूनही होतो.

आणि तरीही — मीच कडमडलो. एका सेन्सरसाठी नव्या कर्नलमधली सोय हवी होती. मी हेडरचा फोल्डर बाजूला केला आणि त्याच नावाने नव्या कर्नलच्या सोर्सकडे लिंक टाकली, म्हणजे आता त्याचेच हेडर वाचले जाणार. प्रोग्रॅम झटक्यात तयार झाला. साहेबांनी पाठ थोपटली. फोल्डर उद्या परत ठेवू म्हटलं, आणि राहून गेलं.

मग टाक्या तापल्या, दूध नासलं, आणि आमची यंत्रं मात्र सगळं थंडगार असल्याचं दाखवत राहिली. मला लगेच कळलं. आणि मी काय केलं? गुपचूप लिंक काढली, फोल्डर जागेवर ठेवला.

मॅडमनी तीन दिवस त्या बिघडलेल्या प्रोग्रॅममधले आकडे ओळीने वाचले. लिंक दिसणं आता शक्यच नव्हतं. तरी एक आकडा चार घरं सरकून वाचला जातोय, एवढ्यावरून त्यांनी मीटिंगमध्ये फळ्यावर मांडून दाखवलं — हे दुसऱ्याच हेडरवर बनलंय, आणि ते कुठल्या कर्नलचे, तेही. मी भीतीने गार पडलो होतो आणि त्याच वेळी मनात म्हणत होतो, काय बाई आहे ही.

साहेबांनी विचारलं, "हेडर कोणी बदलले?"

"मी नाही, सर." आवाज जरासुद्धा कापला नाही माझा.

कॉम्प्युटर मॅडमचा, म्हणून चूक मॅडमची ठरली. त्यांना तक्रारींच्या फोनवर बसवलं. वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. मी भित्रा होतो — याला दुसरा शब्द नाही.

कॉम्प्युटर आता कोणाकडे द्यायचा, हे साहेबांनी त्याच मीटिंगमध्ये त्यांनाच विचारलं होतं. माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "याच्याकडे द्या. आता हा हेडरना हात लावणार नाही."

पासवर्ड दोघांकडेच होता. आणि त्यांनी तर काही केलं नव्हतं.