साठ अर्ज, अकरा स्टुलं

मुलांनो, गेल्या मंगळवारी मी चिंचवडला जाऊन आले. आमच्या घरापासून अंतर जेमतेम दहा-बारा मैलांचं, पण परत आले तेव्हा इतकी संतापलेली होते की दोन दिवस तुम्हाला लिहायला बसलेच नाही. आता डोकं थंड झालंय असं समजून लिहिते आहे.

शिवाजीनगरला सकाळची पॅसेंजर पकडली. खडकी गेलं, दापोडीला गाडी बराच वेळ थांबली. समोर मेथीच्या पेंढ्या घेऊन एक बाई बसली होती. तिने विचारलं, "आजी, कुठवर?"

"चिंचवडला. सरकारी बाटल्यांच्या कारखान्यात."

"आमच्या चुलतदिराची जमीन गेली तिथं. दोन एकर काळी."

"मग आता काय करतो तो?"

"तिथंच हाय की. झाडू मारतो." हे तिने अगदी सहज सांगितलं. ती पेंढ्या नीट लावत राहिली.

मी का निघाले ते सांगते. माझ्या धाकट्या बहिणीची वत्सला तुम्ही पाहिलेली आहे. नवरा गेल्यावर ती या कारखान्यात लागली. भट्टीतून आलेली औषधाची बाटली दिव्यासमोर धरायची, काचेत बुडबुडा किंवा तडा दिसला तर बाजूला काढायची, हे तिचं काम. अशा साठ बायका दोन पाळ्यांत आठ-आठ तास उभ्या राहून काम करतात. कारखान्याच्या चाळीत तिला एक खोली आहे. नोकरी असेल तोवर खोली. आणि तिला नोकरीवरून काढण्याची नोटीस आली होती.

यात माझा हात होता, तेही सांगायला हवं. बायकांची मागणी एवढीच होती की बसायला स्टुलं द्या. त्यांच्या युनियनने तसं पत्र दिलं, तर कामगार अधिकारी साहेबांनी ते घेतलं नाही. सरकारी कारखान्यात असं झुंडीने मागता येत नाही, प्रत्येकीने रीतसर स्वतंत्र अर्ज करावा, असं सांगितलं. वत्सला माझ्याकडे आली. मी सरकारी अधिकाऱ्याची बायको. मला ते अगदी पटलं. मी इंग्रजीत एक नमुना केला आणि चार दिवस बसून साठही अर्ज माझ्या हाताने लिहिले. प्रत्येकावर समास आखला. 'नम्र विनंती' प्रत्येकात दोनदा. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

चिंचवडला उतरून टांगा केला. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा मुरमाचा. एका बाजूला हरभरा आणि ज्वारी, दुसऱ्या बाजूला नव्या कारखान्यांची तारेची कुंपणं. ज्वारी हुरड्याला आली होती (हुरडा म्हणजे कोवळे दाणे भाजून खातात तो). मध्येच टांग्याचं चाक चरात गेलं, मला उतरावं लागलं आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला. टांगेवाल्याने सुतळीने तो बांधून दिला. त्या सुतळीच्या चपलेनेच मी दिवसभर हिंडले.

वत्सलाच्या खोलीत सात-आठ जणी जमल्या होत्या. त्यांतल्या हिराबाई जुन्या गावच्या, साठीला आलेल्या, आवाज शेतात हाक मारणाऱ्या माणसाचा. बाजरीची भाकरी, पिठलं आणि खर्डा (मिरची-लसूण तव्यावर भाजून केलेला) ताटात वाढता वाढता त्यांनी सगळं सांगितलं.

साठ अर्जांवर साठ निकाल आले होते. ज्यांनी डॉक्टरचा दाखला जोडला अशा अकराजणींना स्टूल मंजूर. बाकीच्या एकोणपन्नासजणींना नामंजूर.

"आता एक बसती, चौघी हुब्या," हिराबाई म्हणाल्या. "त्या अकरातली शांताबाई बसली त्या दिवशी तिच्याशी कुणी बोललं न्हाई. तीबी बसली तशी रडत बसली."

"मीही अकरातलीच आहे, मावशी," वत्सला म्हणाली. "मी माझं स्टूल उचलून साहेबांच्या दारात ठेवलं. सगळ्यांना मिळेपर्यंत नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी शिस्तभंग म्हणून कामावरून काढण्याची नोटीस."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. "अर्ज मीच लिहिले," मी म्हटलं.

"लिव्हलंसा झ्याक," हिराबाई म्हणाल्या. "पर आमाला येगळं येगळं करून लिव्हलंसा. घ्या, आनी थोडं पिठलं घ्या."

पुण्यात लोकांनी माझ्याशी वाद घातलेले आहेत, पण इतक्या थोडक्यात कोणी हरवलेलं नाही.

त्याच दुपारी कामगार अधिकारी वत्सलाच्या प्रकरणाची चौकशी करणार होते. एकेका बाईला आत बोलावून विचारणार, तुमचा हिला पाठिंबा आहे का. "एकटी आत गेली की बाई मऊ पडती," हिराबाईंनी सांगितलं. "खुर्ची देत्यात, च्या देत्यात." साठ बायकांना खुर्ची मिळण्याची कारखान्यातली ती एकमेव जागा. पाळी बदलायच्या वेळी दोन्ही पाळ्यांच्या बायका एकत्र असतात, म्हणून सगळ्यांनी तेव्हाच जायचं ठरलं.

फाटकावर पहारेकऱ्याने मला अडवलं. मी इंग्रजीत एक वाक्य बोलले आणि त्याने सलाम करून फाटक उघडलं. त्याचाही मला राग आला. वत्सला तिथे रोज येते, तिला आजवर कोणी सलाम केलेला नाही.

साठ बायका कचेरीच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. अधिकारी बाहेर आले. तिशीतला, सभ्य, स्वच्छ कपड्यांतला माणूस. अर्ज मी लिहिले हे कळल्यावर खूश झाले. "आजी, इतके व्यवस्थित अर्ज मी कधी पाहिले नव्हते. म्हणून तर निकाल द्यायला सोपं गेलं."

त्यांनी मला मारलं असतं तर कमी लागलं असतं.

"सगळ्यांशी एकत्र का बोलत नाही तुम्ही?" मी विचारलं.

ते समजावणीच्या सुरात बोलू लागले. खाजगी गिरणीत मालक वेगळा, कामगार वेगळे, तिथे वाटाघाटी ठीक. इथे मालक म्हणजे जनता. या बायकाही जनताच. मग ह्या भांडणार कोणाशी?

"व्हय साहेब?" हिराबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आमी मालकीन, तर मालकिनीला बसाया न्हाई?"

व्हरांडाभर हसू पसरलं. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी कारकुनाला खूण केली आणि कारकुनाने पहिलं नाव पुकारलं. मुद्दाम निवडलेलं नाव होतं ते. शांताबाई.

शांताबाई रत्नागिरीकडच्या, किडकिडीत, पायांना सूज. सवयीने त्या उठल्या आणि दोन पावलं दाराकडे गेल्या. वत्सलाचं तोंड उतरलं. ती बाई आत गेली असती तर एकामागून एक सगळ्याच गेल्या असत्या, आणि संध्याकाळपर्यंत वत्सलाच्या खोलीचा निकाल लागला असता.

शांताबाई दारात थांबल्या. "साहेबांनू, मी एकटी नाय येवचंय," त्या म्हणाल्या.

"थांब गं, आमीबी येतो," म्हणत हिराबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. मग सगळ्या उठल्या. घोषणा नाही, आरडाओरड नाही, फक्त साठ लुगड्यांची सळसळ. कारकुनाने दुसरं नाव घेतलं, तिसरं घेतलं. प्रत्येक नावाला साठजणी एक पाऊल पुढे सरकत होत्या. चौथ्या नावानंतर त्याने यादी खाली ठेवली.

अर्ध्या तासाने अधिकाऱ्यांनी विचारलं, तुमच्यातर्फे बोलणार कोण? बायकांनी पाच नावं दिली. त्यांत वत्सलाचं होतं. त्यांनी ते गाळायला सांगितलं, बायकांनी नाही म्हटलं. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या सोमवारी पाचजणींशी स्टुलांबाबत बोलणी, आणि ती संपेपर्यंत वत्सलाची नोटीस तहकूब. हे कागदावर लिहून घेतलं. मी वाचून दाखवल्यावर पाचजणींनी सह्या-अंगठे केले.

जिंकलं असं मी म्हणणार नाही. वत्सलाची खोली आज आहे, पुढच्या महिन्याचं माहीत नाही. परतीच्या गाडीत मला बसायला जागा मिळाली आणि त्या जागेचीच लाज वाटत राहिली. स्वराज्याला दहा वर्षंही झाली नाहीत. आपल्याच सरकारच्या कारखान्यात बायकांनी बसायला मागितलं, तर त्यांना साठ तुकड्यांत मोजलं गेलं, आणि ते तुकडे सुबक अक्षरात करून दिले तुमच्या शिकलेल्या आजीने. आमच्या काळी शाळेत रीतसर वागणं म्हणजेच चांगलं वागणं, असं शिकवत. ती रीत कोणाच्या सोयीची आहे, हे विचारायला मला कोणी शिकवलं नाही, आणि मी तुमच्या बाबांनाही शिकवलं नाही.

सोमवारसाठी वत्सलाने माझ्याकडून नवा कागद मागितला. काल लिहून हातोहात पाठवला. मराठीत, एकच, आणि खाली साठजणींना पुरेल एवढी जागा सोडून. आज तो सह्या होऊन मला पाहायला परत आला. पहिला अंगठा शांताबाईंचा आहे, थोडा फिसकटलेला.