पद्मानं बॉल दिला नाही

पद्माच्या घरी दोन म्हशी होत्या आणि चहा कोरा व्हायचा. कोडोलीत सकाळ-संध्याकाळ धार काढली की तिची आई किटली उचलून थेट डेअरीवर जायची. वडील, अण्णा चौगुले, कोल्हापूरच्या गूळ बाजारात मापाडी. दिवसभर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, काट्यावर चढवायचे, उतरवायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं गावी परतायचं. जैन शेतकऱ्याचं घर, पण जमीन भावाभावांत वाटून एवढीशी राहिली होती की बैल वळवायला शेजाऱ्याच्या बांधावर जावं लागे. चार मुली. त्यांतली तिसरी पद्मा, आणि ती वाढायची काही थांबेना. सोळाव्या वर्षी सहा फुटाला दोन बोटं कमी. बाकीच्या बहिणींना एकमेकींचे कपडे व्हायचे, हिला कुणाचेच नाहीत. गल्लीतून अण्णा निघाले की कुणीतरी ओरडायचंच, "चौगुले, वायरमन रजेवर हाय. पोरीला पाठवा की बल्ब बदलायला!" अण्णा हसायचे. त्या दिवशी घरी मात्र दोन घास कमी जेवायचे.

आमचं काही वेगळं नव्हतं, फक्त शहरात होतं. मंगळवार पेठेत एका खोलीत आम्ही पाच जण. माझे वडील, आबा, उद्यमनगरात फौंड्रीत साचे करणारे मोल्डर, आई खानावळीत चपात्या लाटायची. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. पद्मा अकरावीला कोल्हापुरात आली ती आमच्यापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या तिच्या आत्याकडं. प्रवेशाच्या रांगेत ती माझ्या पुढं उभी होती, त्यामुळं मला खिडकी दिसत नव्हती. तेवढ्यात माने सर आले. सर बास्केटबॉल शिकवायचे.

"फॉर्म नंतर भर. आधी त्या चौकटीला हात लाव बघू."

पद्मानं उडी न मारता हात लावला. सरांनी माझ्याकडं बघितलं. "आणि तू गं? पळतीस काय?"

"पळतो की."

"मग दोघी पाच वाजता मैदानावर."

अशी आमची जोडी जमली. मी पाच फूट दोन इंच, ती तेवढी उंच. आम्ही रस्त्यानं निघालो की पेठेतली पोरं म्हणायची, "आली बघ शिडी आणि बादली." पद्मा थांबून उत्तर द्यायची, "व्हय, घर रंगवायचं हाय काय तुझं?"

पाचला सराव सुरू व्हायचा आणि पद्माला दिवस बुडाल्यावर खायचं नसायचं. त्यामुळं ऐन सरावात ती बाजूला व्हायची, डबा उघडायची, उभ्या उभ्या भाकरी-झुणका संपवायची आणि तोंड पुसत परत मैदानात. सर आधी वैतागले, मग तेच तिला मावळतीकडं बोट दाखवायला लागले. पुढं सरांनी सांगितलं, नुसत्या भाकरीवर हे अंग टिकणार नाही, अंडी खा. पद्मानं दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी आमच्या घरी आली आणि आईला म्हणाली, "काकू, एक अंडं उकडा. पण आत्तीला कळता कामा न्हाई." खाताना मात्र तिची नजर दाराबाहेरच्या उन्हाकडं होती. मी हसले तर म्हणाली, "हसतीस काय? अंडं खातो, पण दिवस बुडायच्या आत खातो. निम्मा नेम तरी पाळतोय की!"

'निम्मं तरी' हा तिचा आवडता शब्द. अभ्यास निम्मा तरी झाला. खरं निम्मं तरी सांगितलं. त्यावर आम्ही पोट धरून हसायचो.

एकदा आत्याला तिच्या पिशवीत दोन उकडलेली अंडी सापडली. आत्या ती पिशवी हातभर लांब धरून आमच्या दारात आल्या. पद्मा मागं उभी, चेहरा पांढराफटक. गावाला कळलं असतं तर अण्णांनी तिला त्याच दिवशी परत नेलं असतं आणि खेळ तिथंच संपला असता. मी म्हणाले, "आत्ती, ती माझी हायत. माझी पिशवी फाटली म्हणून तिच्यात ठेवलीवती." त्यानंतर वर्षभर आत्यांनी मला पायरी चढू दिली नाही. वाटेत दिसले तर पदर सावरून बाजूला व्हायच्या. पद्मानं माझा हात धरून सांगितलं होतं, "सुरे, हे मी मरेपर्यंत विसरणार न्हाई."

आता तिच्या खेळाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पद्मा पास देताना माणसाकडं बघायची नाही. तोंड एकीकडं, बॉल दुसरीकडं. मी कोपऱ्यात पळायचे आणि बॉल माझ्या आधी तिथं आलेला असायचा. मी विचारलं, तुला कळतं कसं? म्हणाली, "बघायचं कशाला? तुझ्या बुटाचा आवाज येतो की." आम्ही विद्यापीठाकडून खेळलो, राज्याच्या शिबिरापर्यंत गेलो. पेपरात दोघींची नावं जोडीनं यायची.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा एका सरकारी खात्याच्या बास्केटबॉल संघासाठी दोन मुली घेणार असं कळलं. पगारी नोकरी, वर खेळायचं. त्याच महिन्यात आबांच्या हातावर रस सांडला. लोखंडाचा रस. उजवा हात पंजापासून कोपरापर्यंत भाजला आणि ते घरी बसले. गडहिंग्लजचं एक स्थळ आलं होतं, मुलाचा स्वतःचा टेम्पो. आबा मला म्हणाले, "नोकरी लागली तर लगीन थांबवतो. न्हाईतर वैशाखात उरकायचं. मला आता तुला शिकवायला होणार न्हाई." ते चुकीचं बोलत नव्हते. पण माझं सगळं त्या निवडचाचणीवर आलं, आणि ते पद्माला ठाऊक होतं. पुण्याला जाताना एसटीत तीच म्हणत होती, "दोन जागा, दोघी आपण. एक खोली घेऊ. तू चपात्या कर, मी खातो."

आदल्या दिवशी दुपारी ती तिच्या शिबिरातल्या ओळखीच्या एका सीनियर मुलीला भेटायला गेली. परतली तेव्हा दिवस बुडत आला होता. मी डबा उघडून ठेवला होता.

"भूक न्हाई," ती म्हणाली.

"काय म्हणाली ती?"

"काय न्हाई. उद्या लवकर बोलावलंय."

चाचणीच्या सामन्यात आम्हाला एकाच संघात घातलं. मला वाटलं, देव पावला. निवडणारे तिघं खुर्च्यांवर बसले होते. पहिल्याच चढाईत मी कोपऱ्यात मोकळी. बॉल पद्माकडं. तिनं तो उजवीकडं दिला. होतं कधी कधी. दुसऱ्यांदा मी पुन्हा मोकळी, हात वर केला. तिनं स्वतः पळवत नेला आणि टाकला. तिसऱ्यांदा मी ओरडले, "पद्मे!"

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. कधी न बघणारी पद्मा त्या दिवशी माझ्या डोळ्यांत बघत होती. मग बॉल पलीकडं गेला, जिचं नावही आम्हाला माहीत नव्हतं अशा मुलीकडं.

त्यानंतर मी हाक मारली नाही. खाली पडलेले बॉल उचलून खेळले. खेळाडूला बॉलच मिळाला नाही तर खुर्चीवरच्या माणसाला काय दिसणार? पळणारी एक बुटकी मुलगी. संध्याकाळी यादी लागली. एक नाव पद्माचं, दुसरं आम्ही कधी न ऐकलेलं. परतताना एसटीत पद्मा रडली. "तुझं पण हुईल, सुरे." आणि मी, मूर्ख बाई, तिला पाणी दिलं. मी स्वतःला समजावत होते की खेळाच्या घाईत होतं असं.

खरं कळलं ते चार महिन्यांनी, माने सरांकडून. चुकून बोलून गेले. एक जागा आधीच कुणासाठीतरी ठरली होती, उरली होती एकच. पद्माला ते आदल्या दिवशी कळलं आणि तिनं सरांना फोन केला होता.

"मी तिला म्हणालो, सुरेखाला सांग," सर म्हणाले.

"आणि तुम्ही का न्हाई सांगितलं, सर?"

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "दोघी माझ्याच पोरी की गं," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मी मैदानावर गेले नाही.

वैशाखातलं लग्न त्याआधीच मी मोडलं होतं. आबांना म्हणाले, "मी उरकायची गोष्ट न्हाई. कामाला जातो, पण कॉलेज सोडणार न्हाई." आबा पायात चपला घालून बाहेर गेले. आई म्हणाली, "शिकू दे. खेळायला पाठवली तवा बी लोकं बोललीच की." गडहिंग्लजच्या मुलानं माझ्या चुलत बहिणीशी लग्न केलं. आता त्यांचे तीन टेम्पो आहेत आणि दिवाळीला तो मला साडी घेतो. माणूस चांगला आहे. मी सकाळी औषधाच्या दुकानात उभी राहायचे आणि दुपारी वर्गात बसायचे. खेळापायी पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले होते, तिथपासून सुरुवात.

पद्मा मात्र चढत गेली. राज्याच्या संघात गेली, मग भारताच्या. कोडोलीत कमान लागली, आणि वायरमनचा विनोद करणारेच हार घेऊन पुढं होते. एका पेपरात तिची मोठी मुलाखत आली. मी ती आईला वाचून दाखवली, कारण आईला वाचता येत नाही. पद्मानं सांगितलं होतं, कोल्हापुरात मला कुणाची साथ नव्हती, मी एकटीनं झगडले. मी तेवढं वाक्य गाळलं.

"आपलं नाव हाय काय गं त्यात?" आईनं विचारलं. तिनं किती अंडी उकडली होती त्या पोरीसाठी!

"हाय की. मंगळवार पेठेतल्या काकूंनी जीव लावला म्हणती."

आई दिवसभर खूश होती. मी रागानं दुकानात जाऊन औषधाच्या बाटल्या पुसत बसले. चाचणीचं एक वेळ समजू शकते. भीतीपोटी माणूस काहीही करतं. पण पेपरवाल्यासमोर तर तिला कसलीच भीती नव्हती.

पुढचं तिचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. तिनं ऑफिसातल्या एका मुलाशी लग्न केलं. तो तिच्या खांद्याला लागणारा आणि जातीबाहेरचा. अण्णा तीन वर्षं बोलले नाहीत, नातवाचं तोंड बघून विरघळले. मग खाजगी लीगमधल्या एका संघानं तिला करारावर घेतलं. चौकाचौकांत तिचे फोटो लागले. दुसऱ्या हंगामात गुडघा गेला. संघाच्या मालकानं मोबाईलवर दोन ओळींचा मेसेज पाठवून तिला मोकळं केलं. नवरा मात्र टिकून राहिला, तिला धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढवायचा. हे ऐकलं तेव्हा खोटं कशाला सांगू, मला आधी बरं वाटलं. नंतर स्वतःचीच लाज वाटली, पण आधी बरं वाटलं होतं.

गेल्या वर्षी ती कळंब्याला माझ्या घरी आली. न सांगता. गेटमधून आत येताना गुडघा जपून टाकत होती. केस थोडे पांढरे, आवाज तोच.

"वळखलीस काय?"

"तुझ्याएवढं दुसरं कोण येणार हाय माझ्या दारात?"

आम्ही हसलो. मी चहा केला, दुधाचा. मुलांचं बोललो, आईवडिलांचं बोललो. मग मी सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही.

"पद्मे, त्या दिवशी बॉल का दिला न्हाईस?"

"मला दिसलीच न्हाईस तू."

"तू बघितलंवतंस माझ्याकडं."

ती कपाच्या कानाशी खेळत राहिली. मग म्हणाली, "एकच जागा हुती, सुरे. तुझं लगीन तरी ठरत हुतं. माझ्याशी कोण करणार हुतं लगीन? मी परत कोडोलीला जाऊन काय केलं असतं, खांबावरचे बल्ब बदलले असते? तुला दुसरं दार हुतं. मला न्हवतं."

"ते दार मला नको हुतं."

"ते मला कळलं न्हाई."

"विचारलं असतंस तर कळलं असतं."

ती हळूच म्हणाली, "सांगितलं असतं तर तू मला जागा सोडली असतीस. तुझा सोभाव ठाऊक हाय मला. आणि मला तसली भीक नको हुती."

त्यावर मला हसू आलं. इतकी वर्षं ती माझ्याबद्दल हे समजत होती! मी म्हणाले, "कोण सोडतंय जागा? मी तुझ्याशी झटून खेळले असते. हरले असते तर हरले असते. माझा खेळ तरी त्या तिघांना दिसला असता. तू मला हरू पण दिलं न्हाईस, पद्मे."

तिनं माफी मागितली आणि मी ती घेतली नाही. "चहा गार होतोय, पी," एवढं म्हणाले. जाताना ती आतल्या खोलीत जाऊन वाकून माझ्या आईच्या पाया पडली. आई तिला म्हणाली, "पेपरात आमचं नाव घातलंवतंस पोरी, देव तुझं भलं करो." पद्मानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही. ती आईला "व्हय काकू" म्हणाली आणि डोळे पुसत रिक्षात बसली. त्यानंतर आमची भेट नाही.

पद्मा चौगुले आठ वर्षं राज्याकडून आणि दोन वेळा भारताकडून खेळली. तिच्यासारखा पास देणारी मुलगी आमच्या जिल्ह्यात त्यानंतर मी बघितली नाही. मला बी.कॉम. व्हायला पाच वर्षं लागली. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे आणि ज्या कॉलेजच्या खिडकीसमोर रांगेत उभी होते, त्याच कॉलेजच्या ऑफिसात आज अधीक्षक आहे.