मेडिकलला ती सोबत आली

तरुणपणी मी छोटं विमान उडवायला शिकलो होतो. खाजगी वैमानिकाचं लायसन्सही काढलं. मग नागापूरला वर्कशॉप टाकलं, लग्न झालं आणि उडणं राहून गेलं ते राहूनच गेलं.

गेल्या वर्षी वर्कशॉप मुलीच्या हाती सोपवलं आणि ठरवलं, पुन्हा उडायचं. बायकोला शेजारी बसवून एकदा तिचं माहेर, घोडेगाव, वरून दाखवायचं. लग्न ठरलं तेव्हा तसा शब्दच दिला होता तिला. तिने कधी आठवण करून दिली नाही, म्हणून तर ते जास्त टोचायचं. पण आधी मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी. त्यात पास झाल्याशिवाय पुन्हा विमान हाती मिळत नाही.

पुण्याच्या डॉक्टरांकडे मी एकटाच जाणार होतो. पण आमच्याकडे दवाखान्यात एकट्याने जायची रीत नाही. केडगावच्या घरातून गाडी बाहेर काढतोय, तोवर बाईसाहेब डबा घेऊन हजर. तपासणीच्या खोलीतही मागोमाग आल्याच.

डोळे, कान, रक्तदाब, सगळं ठीक निघालं. डॉक्टर फॉर्मवरचे प्रश्न विचारत होते.

"कधी शुद्ध हरपली होती?"

"नाही," मी म्हणालो.

"न्हाई कसं?" ती मधेच बोलली. "उन्हाळ्यात अंगनात कोसळले हुते. अन् मागं एकदा जेवता जेवता. डोळे पांढरे केल्ते. नीट तपासा डॉक्टरसाहेब, चांगलं औषध द्या."

तिच्या लेखी डॉक्टर म्हणजे औषध देणारा माणूस. दुखणं जितकं उघडून सांगावं, तितका गुण लवकर. माणसाला नापास करणाराही डॉक्टर असतो, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पुढे मेंदूच्या, हृदयाच्या तपासण्या झाल्या. महिन्याभराने निकाल आला, अनफिट. आता या जन्मात उडणं नाही.

हातातोंडाशी आलेला घास गेला. मी मुळात तापट, त्यात हे. मेथी निवडत बसलेल्या बायकोवर मी तोंडाला येईल ते ओरडलो. "गप्प बसायला काय झालं होतं तुला? तुझ्यासाठीच चाललं होतं ना सगळं!"

ती रडली नाही. मेथीची जुडी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"तुमाला वर आभाळात तसं झालं असतं," ती म्हणाली, "तर तितं कुनी धरलं असतं हो तुमाला?"

तिला काळजी होती ती माझ्या पडण्याची. त्या विमानात तीही असणार होती, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

माझ्या ध्यानात होतं. तरीही मी डॉक्टरांना 'नाही' म्हणालो होतो.