नाव घ्या, मास्तर!

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका शिकलेला आणि तितकाच बिनकामाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझं शिक्षण चौथी. मुलाबरोबर आयर्लंडात लिक्सलिपला आले, तर हे मास्तर कुंपणापलीकडे. जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर ऐकायला कोणी उरलं नाही, म्हणून आधी परसातल्या कोबीला ऐकवत आणि मग मला. मंदीनं सगळी गल्ली चेहरा पाडून बसलेली, आणि हे रडायचे कशावरून, तर दोन हजार वर्षांपूर्वी एका कवीला त्याच्या बाईनं दाराबाहेर ठेवलं! "मेला ना तो? तुम्ही जेवून घ्या," मी म्हटलं. "तो मेला, मिसेस, दुःख नाही मेलं," म्हणाले, आणि चार थालीपिठं खाल्ली.

त्या कवींची एक खोड होती म्हणे. प्रेम खरं, पण कवितेत बाईचं नाव खोटं घालायचं. मास्तरांनीही तेच उचललं. समोरच्या विधवा नोराबाई त्यांच्या मनात होत्या. दर रविवारी त्यांच्या दारात उभं राहून मास्तर प्रेमाची लॅटिन कविता म्हणत. नोराबाईंनी लहानपणी लॅटिन ऐकलेलं फक्त चर्चमध्ये. त्या डोळे मिटून हात जोडत आणि शेवटी "आमेन" म्हणत. एकदा विचारलंन, "ही कुठली हो संत? तिच्यासाठी मेणबत्ती लावीन म्हणते." कवितेतली ती बाई संत सोडून बाकी सगळं होती!

मग नोराबाई लेकीकडे डंडॉकला कायमच्या निघाल्या. मास्तर कोबीपाशी मटकन बसले. मी म्हटलं, "आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घ्यायचंच झालं तर उखाण्यात घेतात, पण खरं घेतात. नाव घ्या तिचं!"

"ग्रँड!" म्हणाले, आणि मी रचून दिलेला मराठी उखाणा सकाळभर घोकला. नोराबाई बॅग घेऊन दारात आल्या, मास्तरांना पाहून सवयीनं हात जोडले.

"ब्रेडला लावतो भरपूर लोणी, नोरासारखी नाही कोणी!"

त्यांनी डोळे उघडले. "हे लॅटिन नाही."

"नाही."

"मग ह्यात मी काय करतेय?"

मास्तरांनी कानापर्यंत लाल होत अर्थ सांगितला. त्या हसून पायरीवरच बसल्या. "सात वर्षं समोर राहता, आणि लोण्यापर्यंत यायला एवढा वेळ?"

त्या काही थांबल्या नाहीत. महिन्याभरात मास्तरच डंडॉकला गेले. कोबी मला देऊन गेले. तो मी संपवला. कुंपणावर आता कावळा बसतो. त्याला लॅटिन येत नाही.

परवा मास्तरांच्या बंद घराकडे बघता बघता आमच्या ह्यांचं नाव घेतलं. वामन. मोठ्यानं, उखाण्याशिवाय. ते जाऊन अकरा वर्षं झाली. आभाळ काही कोसळलं नाही. म्हणून पुन्हा घेतलं.