दोन नाल्यांमधलं गाव

जळगाव जामोद तालुक्यातल्या त्या गावात मी जुलैमध्ये दोन दिवस अडकून पडले. मी बांधकाम खात्यात अभियंता. गावाच्या दोन्ही अंगांना नाले, दोन्हींवर काँक्रीटचे पूल. खालच्या पुलाचा नकाशा माझ्याच हातचा. त्याच्या कठड्याला तडा गेला म्हणून पाहायला गेले होते. गावात पाऊस नव्हता, सातपुड्यात झाला असावा. तासाभरात दोन्ही पूल पाण्याखाली गेले.

अंगणवाडीच्या ताईंनी मला घरी नेलं. त्यांच्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी खामगावला जावं लागे आणि त्यांची पाळी त्याच दिवशी होती. ते तयार होऊन, पायात चपला घालून ओट्यावर बसलेले. अंगात पाणी साठू नये म्हणून ताई त्यांना पाणीसुद्धा मोजून देत होत्या, दोन घोट.

ताईंच्या यजमानांनी मला विचारलं, पूल तुम्हीच बांधला ना? मी हो म्हणाले.

"मंग मॅडम, पानी वरून काऊन जाते?"

मी सांगायला लागले. आम्ही जुन्या पावसाच्या नोंदी धरून उंची काढली, दिवसभराचा पाऊस आता दोन तासांत पडतो, वगैरे. बोलता बोलता माझंच मला ते पोकळ वाटलं. त्यांनी चपला काढून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा सुजला. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून ताई त्यांना पाठीशी उशा लावून बसवून ठेवत. मी तहसीलला फोनवर फोन केले. पाण्याला ओढ फार आहे, बचावाची बोट उतरवता येत नाही, असं उत्तर मिळालं. घरात बसवेना. पुलापाशी जाऊन उभी राहिले. बांधावर रचलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, आणि झाडं वाहून येऊन पुलाखालच्या अरुंद मोऱ्यांत गच्च बसली होती. माझा पूल पाणी अडवत होता. अडलेलं पाणी बाजूने फिरून पुलाला येऊन मिळणारा जोडरस्ता खात होतं.

संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा पूल शाबूत होता, रस्ता नव्हता. चौघांनी त्यांना खाटेवर घेतलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे नेलं. तिकडे अॅम्ब्युलन्स उभी होती. ते वाचले.

महिन्याभराने मी पुन्हा गेले. त्यांनी मला गावभर फिरवून पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. शाळेच्या भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेवर हात ठेवून म्हणाले, "पह्यले पानी चढाले दिवस लागे. आता चुलीवरचा चहा होत नाही तं येते."

ती खूण धरून मी नवा नकाशा केला. मोऱ्या काढून खांबांमध्ये रुंद गाळे, पूल उंच, जोडरस्त्याच्या कडा वाहून जाऊ नयेत म्हणून दगडी पिचिंग. वरिष्ठांनी विचारलं, भिंतीवरच्या खुणेला आधार काय? जुन्या नोंदींत एवढा मोठा पूर नव्हताच. फाइल तीनदा परत आली, तीनदा पाठवली. मंजुरी आणि काम यात दोन पावसाळे गेले. वरच्या नाल्यावरचा पूल अजून तसाच आहे.

परवा ताईंना फोन केला. आभाळ भरून आलं की त्या नवऱ्याला आदल्या दिवशीच खामगावला नणंदेकडे पाठवतात. मी म्हणाले, आता तर पूल उंच झाला.

"हाव, झाला ना," त्या म्हणाल्या. "पन यंदा पानी किती येईन, ते तुमाले मालूम हाये का?"

मी म्हणाले, नाही.